अठ्ठाविसावा बिल्ला

सर मंगळवारी गेले. सकाळी साडेदहाला त्यांच्या घरून काकूंचा फोन आला. मी वाचनालयात होते. काकू म्हणाल्या, "गेले गं." मग म्हणाल्या, "काल म्हणत होते, एक कार्ड राहिलं." कुणाचं, ते मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

रजेचा अर्ज लिहिला आणि नेवाशाची गाडी धरली.

त्याला आता तीन महिने झाले. तेव्हापासून हे लिहिते आहे. रोज चार-सहा ओळी होतात, त्यातल्या दोन दुसऱ्या दिवशी खोडते. सरांनी हे पाहिलं असतं तर म्हणाले असते, "अहो, खोडा, पण खोडलेलं वाचता येईल असं खोडा. पुढं कुणाला तरी तेच लागतं."

विद्यार्थ्यांना 'अहो' म्हणणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आमचं कॉलेज सोनईच्या पलीकडे, उसाच्या पट्ट्यात. बाकीचे प्राध्यापक मुलांना 'अरे' म्हणायचे, चिडले की आडनावाने पुकारायचे. सर मात्र शेवटच्या बाकावर झोपलेल्या मुलापाशी जाऊन हळूच म्हणायचे, "अहो, उठता का? लीजन आली." मुलं हसायची, झोपलेला लाजायचा आणि उठायचा.

लीजन म्हणजे सरांचा जन्माचा विषय. इटलीतल्या हुकूमशहाने काळे शर्ट घातलेल्या माणसांचं एक दल उभं केलं होतं. ते लष्कर नव्हतं आणि पोलीसही नव्हतं. पहिल्या महायुद्धातून परतलेले रिकामे सैनिक, जमीनदारांनी पाळलेले दांडगे, त्यांच्या नादाने आलेली कॉलेजची पोरं, अशी ती जमात. आधी त्यांनी शेतमजुरांच्या संघटना मोडल्या, सहकारी सोसायट्यांची ऑफिसं जाळली. सोसायटीचं ऑफिस जाळलं म्हटलं की आमच्या वर्गात एकदम शांतता व्हायची, कारण प्रत्येकाच्या घरी सोसायटी होती. मग त्यांचा नेता सत्तेवर आला. आता या मोकाट टोळ्यांचं करायचं काय? त्याने त्यांना कायद्यात बसवलं, हुद्दे दिले, पगार दिला. अभ्यासक्रमात या सगळ्याला अर्धं पान होतं. सर त्याला दोन महिने घ्यायचे आणि परीक्षेला विचारतील ते पुढच्या पंधरवड्यात उरकायचे.

गावात त्यांना 'सेनापती' म्हणत. हा सेनापती हातभर रुंदीचा, दम्याचा, कुत्र्याला भिणारा. बाजारपेठेतून जाताना कुत्रं दिसलं की दुकानाच्या पायरीवर चढून उभा राहायचा आणि दुकानदाराला विचारायचा, "काय म्हणतोय भाव?" कसला भाव ते दुकानदारालाही कळायचं नाही. सैन्याचे एवढे मोठे जाणकार म्हणून दरवर्षी भरतीच्या तोंडावर दोन-चार बाप पोरांना घेऊन दारात यायचे. "सर, वळख काढा की वर. पोरगं लई पळतंय." सर त्यांना बसवायचे, काकू चहा द्यायच्या, आणि सर त्या पोराला विचारायचे, "तुम्हाला वरच्याने चुकीचं सांगितलं तर काय कराल?" पोरगं बापाकडे बघायचं. बाप म्हणायचा, "करील की सर, सांगाल ते करील." सर मान हलवायचे. "मग भरती होईल. काळजी नको."

सव्वीस जानेवारीच्या संचलनात सगळे सलामी देणाऱ्याकडे बघत, तेव्हा सर पाय बघायचे. ज्याचं पाऊल चुकलं त्याला नंतर गाठून म्हणायचे, "तुमचं पाऊल चुकत होतं. छान." ते पोर दिवसभर बुचकळ्यात.

त्यांचं काम कार्डांवर चालायचं. दलातल्या एकेका माणसाचं एक कार्ड. सेनानींचं नाही, साध्या माणसांचं. जुन्या पुस्तकांच्या तळटिपांत, खटल्यांच्या कागदांत, कुणाच्या आठवणीत एखादा स्वयंपाकी, एखादा ट्रक चालवणारा, एखादा कारकून नावानिशी सापडला की सर त्याचं कार्ड करायचे. नाव, गाव, आधी काय करायचा, दलात काय केलं, नंतर काय म्हणाला. हा शेवटचा रकाना त्यांचा लाडका. "नंतर सगळे काहीतरी म्हणतात बघा," ते सांगत. पुस्तकं व्हीपीने यायची. इटालियन ते शब्दकोशावरून शिकले होते, ती भाषा कुणाच्या तोंडून कधी ऐकली नव्हती, त्यामुळे ते बोलायचे ते इटालियन थेट घोडेगावच्या बाजारातलं वाटायचं.

आणि कार्डं कसली? लग्नपत्रिका. आमच्याकडे उन्हाळ्यात एकेका घरी पन्नास-साठ पत्रिका पडतात. सर सगळ्यांना सांगून ठेवायचे, "टाकू नका, मला द्या." पत्रिकेची कोरी बाजू कापून तिचं कार्ड. त्यामुळे पुढून वाचलं तर मिलानच्या रेल्वे स्टेशनवर पहारा देणारा शिपाई, आणि उलटवलं तर 'चि. सौ. कां.' आणि हळदीची वेळ. काकू म्हणायच्या, "ह्यांच्या पलटणीत एकजण बिनलग्नाचा नाही."

"हुकूमशहा सोडा, हवालदार सांगा," हे त्यांचं वाक्य. दुसरं वाक्य प्रश्नाचं होतं. पेपरात दंगलीची बातमी असो, ग्रामसभेतली मारामारी असो, नाहीतर काकूंनी सांगितलेलं भिशीतलं भांडण असो, ते सगळं ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "हे लिहून कुणी घेतलं?"

हे खूळ कुठून आलं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील नगरच्या कॅम्पात शिंपी. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिथे परदेशी कैदी ठेवले होते आणि त्यांचे कपडे दुरुस्तीला वडिलांकडे येत, असं वडील सांगायचे. त्यातला एक काळा शर्ट कुणी परत नेला नाही. वडिलांनी तो उसवून शिलाई मशीनची गवसणी केली. सर लहानपणी त्या मशीनखाली खेळायचे. त्या काळ्या कापडावर एक वाटीएवढी जागा जरा जास्त काळी होती आणि तिच्या कडेने टाक्यांची बारीक भोकं होती. तिथला बिल्ला कुणीतरी ब्लेडने काढला होता. बाकीचं कापड विटलं, बिल्ल्याखालचं विटलं नव्हतं.

"त्या जागी काय होतं, एवढंच मला पाहायचं होतं," सर म्हणाले. "त्याला पस्तीस वर्षं झाली." मग घाईने म्हणाले, "तो शर्ट त्याच दलाचा होता, याला पुरावा नाही हं. वडील सांगायचे. तुम्ही कुठं लिहिलंत तर 'वडील सांगायचे' असं लिहा."

मी तसंच लिहिलं आहे.

वर्गात ते दलाची रचना फळ्यावर काढायचे. तीन पथकांची एक तुकडी, तीन तुकड्यांचं एक शतक, तीन शतकांची एक पलटण, तीन पलटणींची एक लीजन. नावं जुन्या रोमन फौजेतून उचललेली. "तीनच का?" सर विचारायचे आणि स्वतःच सांगायचे, "कारण प्रत्येकाच्या डोक्यावर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक. वरचा बघतो. बाजूचे दोघे तर जास्तच बघतात." पुढे रेल्वेसाठी वेगळी शाखा, बंदरांसाठी वेगळी, जंगलांसाठी वेगळी. "आणि पोस्टासाठी सुद्धा, अहो! पोस्टासाठी!" हे सांगताना त्यांना दरवर्षी नव्याने धक्का बसायचा.

आमच्या वर्षी मुलांना हे उमजेना, तेव्हा त्यांनी ऊसतोडीची टोळी घेतली. "समजा, नवरा-बायको मिळून एक कोयता. दहा कोयत्यांची टोळी. वर मुकादम. आता हा मुकादम काय करतो? ओरडतो, मारतो..."

"न्हाई सर." मागून आवाज आला.

तो अंकुश होता. खर्ड्याकडचा. त्याचे आई-वडील दर दिवाळीनंतर तोडीला आमच्या भागात यायचे आणि हंगामभर हाही वसतिगृह सोडून त्यांच्या कोपीवर राहायचा. कारखान्याजवळच्या माळावर उसाच्या पाचटाच्या त्या कोप्या पडायच्या. पहाटे गाडी भरायला हात लावायचा आणि मग चार किलोमीटर चालत कॉलेजला.

"न्हाई म्हणजे?" सर म्हणाले.

"मुकादम मारत न्हाई सर. त्यो फकस्त नाव सांगतो. ह्येनं दांडी मारली, ह्यो आळशी हाय. मारणारं दुसरं असतंय."

सर खडू हातात घेऊन उभे राहिले. मग त्यांनी फळा पुसला. "अहो, आज मी तुमचा विद्यार्थी," ते म्हणाले, "या इकडे." अंकुश लाजत पुढे गेला आणि त्याने टोळी काढून दाखवली, पहाटे आपण गाडी भरायला जातो तेही सांगितलं. त्या दिवसापासून टोळीचं काही निघालं की सर म्हणायचे, "यांना विचारा. यांनी आतून पाहिलंय." अंकुशच्या चालण्यात फरक पडला. पहिल्या बाकावर बसायला लागला.

मी हे सगळं वहीत उतरवून घेत होते. माझं अक्षर चांगलं होतं. कॉलेजात माझी ओळख एवढीच.

एरंडेलाची गोष्टही त्याच वर्षी झाली. काळे शर्टवाले विरोधकाला पकडून एरंडेल पाजायचे. खरी गोष्ट आहे ती, पुस्तकात आहे. बाटलीभर पाजायचे आणि रस्त्यावर सोडून द्यायचे. माणूस गावातून घरी जाईपर्यंत त्याची जी दशा व्हायची, ती गावाने बघायची. मग तो पुन्हा सभेत बोलायला उभा राहायचा नाही. सर ही गोष्ट करून दाखवायचे. नाक दाबलेला माणूस, चमचा, वाकडं तोंड, पोट धरून पळणं. सरांसारखा किडकिडीत माणूस पोट धरून टेबलाभोवती धावतोय, म्हटल्यावर वर्ग गडगडायचा. आमच्यापैकी कुणाच्या लहानपणी आईने एरंडेल दिलं नव्हतं? मीसुद्धा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

त्याच वर्षी संस्थेचा सुवर्णमहोत्सव होता. मंत्री येणार होते. अध्यक्षांनी सरांना ऑफिसात बोलावलं. हे मला पुढे काकूंनी सांगितलं, कारण सरांनी घरी येऊन ते सगळं शब्दाशब्दाने सांगितलं होतं.

"सर, तुमी एवढं दांडगं वाचलंय," अध्यक्ष म्हणाले. "निस्तं वाचून काय उपेग? आपल्या पोरांचं एक शिस्तपथक बसवून द्या. मंत्र्यानं तोंडात बोट घातलं पायजे."

पस्तीस वर्षांत सरांच्या अभ्यासाचा कुणाला उपयोग झाला नव्हता. त्या रात्री ते दोन भाकरी जास्त जेवले, काकू म्हणाल्या.

त्यांनी रचना केली. तीन, तीन, तीन, अशी सत्तावीस मुलं. प्रत्येकाच्या डोक्यावर एक, बाजूंना एकेक. कापडवाला काळं कापड स्वस्तात देत होता, तर सर ठासून म्हणाले, "काळं नको." गडद निळं आणलं. बिल्ला सरांनी स्वतः काढला, वर्तुळात उघडं पुस्तक आणि मागे उसाची दोन कांडी. शिवला काकूंनी, त्याच मशीनवर, गवसणी काढून. सत्तावीस मुलांचे सत्तावीस, आणि अठ्ठाविसावा माझा. पथकाला यादी ठेवणारं कुणी हवं होतं. "अक्षर यांचं," सर म्हणाले. मला शर्ट नव्हता, मी ओढणीला बिल्ला लावायचे. मला तो फार आवडला होता. इतक्या वर्षांनी हे लिहिताना लाज वाटते, पण आवडला होता हे खरं आहे.

महोत्सव झाला. मंत्र्यांनी कौतुक केलं. पथक तेव्हाच मोडायला हवं होतं. अध्यक्षांनी ते ठेवून घेतलं. मुलं सकाळी फाटकावर उभी राहायची आणि उशिरा येणाऱ्यांची नावं सांगायची, मी लिहून घ्यायचे, शनिवारी आठवड्याची यादी नोटीस बोर्डावर लागायची. ज्याचे उशीर जास्त त्याचं नाव वर आणि त्याखाली पट्टी लावून लाल रेघ. रेघेची कल्पना माझी.

हंगाम सुरू झाला होता. गाडी भरून चार किलोमीटर चालत येणारा मुलगा किती वाजता पोहोचणार? जानेवारीत सलग तीन शनिवार लाल रेघ अंकुशच्या नावाखाली होती. तो का उशिरा येतो ते मला माहीत होतं. वर्गात सगळ्यांसमोर त्याने सांगितलेलं मी वहीत उतरवून घेतलं होतं. यादीत कारणाचा रकाना नव्हता.

तिसऱ्या शनिवारी पथकाचा म्होरक्या विलास माझ्या बाकापाशी आला. त्याच्या खिशातून बाटलीचं बूच दिसत होतं.

"पयला नंबर कोन?"

"लावलीय यादी. वाच."

"तू सांग की. तुझ्या तोंडून गोड वाटतंय."

"अंकुश," मी म्हणाले.

"मंग झालं. आज सेनापतीची गोष्ट दावतो समद्यास्नी."

मला कळलं होतं. बूच मी पाहिलं होतं आणि गोष्ट मला पाठ होती. मी वही उघडली आणि पुढच्या आठवड्याच्या यादीच्या रेघा आखायला घेतल्या.

सायकल स्टँडच्या मागे झालं ते. चौघांनी धरलं, बाकीच्यांनी कडं केलं. कडं करणारे हसत होते. पाजून झाल्यावर त्याला सोडून दिलं, आणि त्याला चार किलोमीटर चालत कोपीवर जायचं होतं, बाजाराच्या दिवशी, बाजारातून. तो कसा गेला ते मी लिहिणार नाही.

अंकुश परत आला नाही.

सोमवारी प्राचार्यांच्या खोलीत बैठक झाली. दार उघडंच होतं आणि आम्ही व्हरांड्यात उभे होतो. अध्यक्ष हसण्यावारी नेत होते. "पोरांची मस्करी हाय, सर. एरंडेलानं कोन मेलंय का?"

"तिथेही असंच म्हणायचे," सर म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. "रचना माझी आहे. बिल्ला माझा आहे. गोष्ट मी सांगितली, आणि हसत सांगितली. लिहून घ्या."

"यादी कुणी केली?" प्राचार्यांनी विचारलं.

सरांनी दाराकडे पाहिलं. मी त्यांना दिसत होते. "पथक माझं होतं," ते म्हणाले. "त्यात जे झालं ते माझ्या नावावर लिहा."

विभागप्रमुखपद गेलं. नोकरी राहिली, पण पुढची सगळी वर्षं त्यांना ज्युनिअरच्या वर्गांवर ठेवलं. त्याचं त्यांना काही वाटलं असं दिसलं नाही. त्यांनी दुसरंच काम काढलं. खिशात दाढीचं ब्लेड घेऊन ते मुलांच्या घरी जायला लागले. सत्तावीस घरं, कुठे वस्तीवर, कुठे मळ्यात. त्या घरांना कुत्री असायची. सर लांब उभे राहून हाका मारायचे, कुत्रं बांधलं की आत जायचे, मुलाचा निळा शर्ट मांडीवर घ्यायचे आणि शिंप्याच्या मुलाच्या सफाईने बिल्ला उसवायचे. शर्ट परत द्यायचे. "वापरा, कापड चांगलं आहे." विलासच्या घरी त्याच्या बापाने विचारलं, "सर, बिल्ला ऱ्हाऊ द्या की. शोभतोय." सर म्हणाले, "म्हणूनच."

आमच्या घरी ते शेवटी आले. आईने चहा केला. सरांनी तो संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "बिल्ला?"

"हरवला सर," मी म्हणाले.

बिल्ला आतल्या खोलीत माझ्या पेटीत होता, रुमालात गुंडाळलेला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, रागाने नाही. एखाद्या कागदपत्राकडे बघावं तसं पाहिलं. "बरं," म्हणाले आणि उठले.

त्यानंतर एरंडेलाची गोष्ट त्यांनी वर्गात सोडली नाही. फक्त खुर्चीत बसून सांगू लागले. कुणी हसलं तर थांबायचे, हसू संपेपर्यंत वाट बघायचे आणि पुढे सांगायचे, "त्या वाटेवर त्याचं घर किती लांब होतं, ते आधी बघा."

दरवर्षी हंगाम संपल्यावर ते खर्ड्याला जायचे. नेवासा ते नगर, नगर ते जामखेड, तिथून मिळेल ती जीप. गावात म्हणायचे, किल्ला बघायला जातो. इतक्यांदा बघण्यासारखं त्या किल्ल्यात काय आहे, असं लोक विचारत. "पहिल्या वर्षी दार उघडलं नाही," सर सांगायचे, "दुसऱ्या वर्षी पाणी मिळालं." लोकांना वाटायचं, किल्ल्याच्या राखणदाराबद्दल बोलताहेत.

माझं लग्न झालं, मी नगरला आले, वाचनालयात लागले. सुट्टीत सरांकडे जायचे. घरात कार्डांचे डबे वाढत होते, बिस्किटांचे पत्र्याचे डबे. पुस्तक कधी पूर्ण करताय, म्हटलं की ते म्हणायचे, "एक कार्ड बाकी आहे."

"कुणाचं सर?"

"यादी लिहिणाऱ्याचं."

"सापडत नाही का?"

"सापडलंय. शेवटचा रकाना रिकामा आहे. नंतर काय म्हणाला, तो."

मला समजत नव्हतं असं नाही. समजून घ्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. मी म्हणायचे, "नसेल मिळत तर सोडून द्या," आणि काकूंना भाजी निवडायला मदत करायला आत जायचे. हे वीस वर्षांहून जास्त चाललं. या काळात मी त्यांच्यासाठी किती पुस्तकं शोधून दिली, किती पानांच्या झेरॉक्स पाठवल्या. ते एकच सोडून सगळं दिलं.

दहाव्याला प्रवरासंगमला आलो. नदीकाठी माणसं थोडी होती. जरा बाजूला पांढऱ्या शर्टातला, डोक्यावर टक्कल पडलेला एक माणूस उभा होता. मी आधी ओळखलं नाही. काकू म्हणाल्या, "अंकुश आहे तो. दरवर्षी ह्यांची गाडी चुकू नये म्हणून जामखेडला स्टँडवर थांबायचा."

त्याचं जामखेडला पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे. हाताला वार्निशचा वास होता. पिंड ठेवून झाले होते, सगळे कावळ्याची वाट बघत होते. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं आणि मी त्याच्यापाशी गेले.

"अंकुश, ती यादी मी लिहायचे," मी म्हणाले. "त्या दिवशी तुझं नाव मीच सांगितलं. बाटलीही पाहिली होती."

तो नदीकडे बघत होता. "म्हाईत हाय, ताई."

"कुणी सांगितलं? सरांनी?"

"सरांनी कशाला? भितीवर लागायची की यादी. तुमचं अक्षर समद्या कॉलेजात कुनाला वळखू येत नव्हतं?" मग म्हणाला, "लाल रेघ लई सरळ हुती."

मीही नदीकडे बघू लागले.

"सरांनी मला एकदा इचारलं," तो म्हणाला. "म्हनले, त्यांचं कार्ड करू का पुरं? तुमची परवानगी असली तर करतो. मी म्हनलो, तुमी नका लिहू सर. ज्येचं त्येला सांगू द्या. म्हनले, आन न्हाई सांगितलं तर? मी म्हनलो, मंग ऱ्हाऊ द्या कोरं."

"पुस्तक राहिलं त्यापायी."

"व्हय. म्हनलो न्हाई का मी, सर, छापून टाका? तर म्हनले, एक मानूस कमी ठिवून पलटन मोजायची सवय न्हाई मला."

समोर कावळा आला आणि पिंडाला शिवला. काकू रडल्या. अंकुशने मला "या कधी खर्ड्याला" असं म्हटलं नाही. "माफ केलं" असंही म्हणाला नाही. काकूंच्या पाया पडला आणि जामखेडच्या गाडीसाठी निघून गेला.

संध्याकाळी काकूंनी शेवटचा डबा माझ्यापुढे ठेवला. त्यात इटलीतला कुणी नव्हता. आमचं पथक होतं, सत्तावीस मुलं, सत्तावीस कार्डं आणि प्रत्येक कार्डाला टाचणीने लावलेला त्याचा बिल्ला. सगळ्यांचे शेवटचे रकाने भरलेले होते. विलासने म्हटलं होतं, 'वय लहान होतं.' दुसऱ्या एकाने, 'मी फक्त कडं केलं.' पथकाच्या वर एक कार्ड सरांचं स्वतःचं. नंतर काय म्हणाला, या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, 'रंग बदलला की पुरे, असे वाटले.'

आणि एक माझं. त्याला टाचणी होती, बिल्ला नव्हता. नाव, गाव. आधी काय करत होत्या: विद्यार्थिनी, अक्षर उत्तम. दलात काय केलं: यादी. त्याखाली, 'बिल्ला: हरवला असे म्हणाल्या.' शेवटचा रकाना कोरा. कार्ड उलटवलं तर माझ्याच लग्नाची पत्रिका होती, माझं नाव कात्रीत अर्धं गेलेलं.

सरांना जाऊन तीन महिने झाले आहेत. काकू लेकीकडे पुण्याला आहेत. गवसणी त्यांनी मशीनसकट नेली. एकोणीस डबे माझ्याकडे नगरला आहेत आणि मी ते क्रमाने लावते आहे. रकान्यात मी लिहिलं आहे, 'मला माहीत होते.' पेटीतला बिल्ला काढून टाचणीला लावला आहे. अठ्ठावीस आहेत.